चार वाजताची गोळी

थोरलीच्या रडण्याची चर्चा दुसऱ्या दिवसापासूनच गल्लीत सुरू झाली. सासू गेली म्हणून सून रडते यात नवल काही नाही; चार माणसांसमोर दोन थेंब काढावेच लागतात. पण ही बाई सकाळपासून रडत होती. चहा गाळताना रडत होती, पायपुसणं झटकताना रडत होती, दूधवाल्याशी बोलताना रडत होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि हातावर समोरच्याला दिसेल असा काटा. जेवण सुटलं होतं, झोप नव्हती. भेटायला आलेल्या बायका जिना उतरताना एकमेकींना म्हणत होत्या, सून असावी तर अशी. खालची बेकरीवाली तर घरी जाऊन आपल्या दोन्ही सुनांना ऐकवून आली.

खरं एवढंच होतं की थोरली रडत नव्हती. तिचं अंग गळत होतं.

ती त्या घरातली थोरली सून. धाकटी लग्नानंतर वर्षभरात नवऱ्याला घेऊन दुसऱ्या शहरात गेली, ती सणासमारंभापुरतीसुद्धा परत आली नाही. त्यामुळे घरात धाकटं कुणी उरलंच नव्हतं, पण थोरलीचं नाव थोरली ते थोरलीच राहिलं. ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानातही मालक तिला याच नावाने हाक मारत. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, एका दिव्याखाली, एकोणीस वर्षं ती काचा घासून चौकटीत बसवत आली होती. चाकावर पाण्याची बारीक धार सोडायची, काच कडेने फिरवत न्यायची, पुन्हा पुन्हा चौकटीला लावून बघायची आणि शेवटी मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू चिमट्यात धरून फिरवायचा. तिच्या हातची काच कधी खुळखुळली नाही. मालक तिच्या हाताची तारीफ करत आणि पगार तेवढाच ठेवत.

घरी तारीफ नव्हती. सासूबाईंना बोलण्याची देणगी होती. बावीस वर्षांत त्यांनी थोरलीच्या चहाला चांगला म्हटलं नाही. चहा जमला, तर म्हणत, आज दूध बरं आलंय. थोरलीने घर धुऊन काढलं, तर म्हणत, आज ऊन स्वच्छ पडलंय. थोरलीला याची सवय झाली होती. काही लोकांच्या घरी पाणी मचूळ येतं, तसं तिच्या घरी हे होतं.

मग सासूबाई आजारी पडल्या. पोटातला रोग पाठीच्या कण्यात गेला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता बरं करायचं नाही, दुखू द्यायचं नाही. तेव्हापासून दवाखान्यातल्या सिस्टर दर शनिवारी घरी येऊ लागल्या. त्यांच्या बॅगेत मॉर्फिनच्या गोळ्या असत. अफूच्या जातीची गोळी, कुठल्याही औषधाच्या दुकानात हात पुढे केला की मिळणारी नव्हे. तिचे नियम कडक होते. कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला होता. त्यावर वेळा आधीच छापलेल्या: सकाळी आठ, दुपारी बारा, चार, रात्री आठ आणि झोपताना. प्रत्येक वेळेपुढे एक चौकोन. गोळी दिली की चौकोनात खूण करायची. मधेच दुखलं आणि वेगळी द्यावी लागली, तर ती शेजारच्या ‘जास्तीची’ या रकान्यात लिहायची. आलेल्या, दिलेल्या आणि उरलेल्या गोळ्यांचा मेळ लागलाच पाहिजे, आणि माणूस गेलं की उरलेल्या गोळ्या तक्त्यासकट परत. सिस्टरांनी हे पहिल्याच दिवशी दोनदा समजावलं. थोरली म्हणाली, समजलं. तिचं अक्षर चांगलं होतं.

नोकरी अर्ध्या दिवसाची करून ती सासूबाईंचं करू लागली. कूस बदलायची, उचलायचं, पुसायचं, पुन्हा निजवायचं. एकोणीस वर्षं काचेवर वाकून तिची मान आधीच धरलेली होती. दोन महिन्यांत तिच्यापासून खांद्यापर्यंत एक तार ताणून बांधल्यासारखी झाली. एका दुपारी सासूबाईंना उशीवर टेकवताना ती तार अशी खेचली गेली की थोरली खाटेचा कठडा धरून उभीच राहिली. सासूबाईंनी पाहिलं. हातातल्या गोळीचे त्यांनी दातांनी दोन तुकडे केले आणि एक तिच्या पुढे धरला.

“घे. तू मेलीस तर मला कोण उचलणार?”

बावीस वर्षांत त्या बाईने स्वतःच्या तोंडातला काढून थोरलीला दिलेला हा पहिला घास. थोरलीने तो घेतला.

अर्ध्या तासाने मान सुटली. पण खरी गोष्ट वेगळीच होती. संध्याकाळी सासूबाई नेहमीसारखं बोलल्या, सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी आहे वगैरे, आणि थोरलीला ते ऐकू आलं, पण टोचलं नाही. शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला बोलतंय असं वाटलं. तिने सूप परत गरम करून आणलं. तिला हसूसुद्धा आलं.

पुढे अर्धीची एक झाली. एकीच्या दोन झाल्या. सासूबाईंना विचारायचीही गरज राहिली नाही, कारण तक्त्यावर तो रकाना होताच. थोरली आपली गोळी सासूबाईंच्या नावावर ‘जास्तीची’ म्हणून लिहायची, वेळेसकट, सुवाच्य अक्षरात. सिस्टर शनिवारी तक्ता वाचत, कपाळाला आठ्या घालत, खाटेकडे बघत. सासूबाई तेव्हा शांत पडलेल्या असत. कागद सांगे की म्हातारीला दिवसातून चारचारदा असह्य होतंय. मग डॉक्टर गोळ्या वाढवून देत. थोरलीने वाढवा म्हटलं नाही. तिने फक्त लिहिलं.

नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. ती विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, दुसऱ्या शहरात. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी फोनवरून आजारपण हाकायची: आईला मोकळी हवा मिळते ना, पायांना तेल लावतेस ना, ती जेवत का नाही. आठ महिन्यांत दोनदा येऊन गेली, दोन्ही मिळून चार दिवस. नवरा पाण्याच्या पंपिंग केंद्रावर पाळीने कामाला. त्याला आईचं कण्हणं ऐकवत नसे, म्हणून तो आईच्या खोलीत जात नसे, आणि लोक म्हणत, फार हळवा आहे.

सासूबाई सोमवारी दुपारी अडीच वाजता गेल्या. बाराची गोळी घेतली, थोरलीला म्हणाल्या, पडदा नीट ओढ, तुला कधी जमलंय, आणि अडीचला श्वास थांबला. डॉक्टर आले, कागद लिहून गेले. सिस्टरांचा निरोप आला की त्या नेहमीप्रमाणे शनिवारी येतील, गोळ्या आणि तक्ता तयार ठेवा.

डबीत अकरा गोळ्या होत्या. तक्त्याप्रमाणेही अकराच उरायला हव्या होत्या. आता ‘जास्तीची’ लिहायला माणूस नव्हतं. थोरलीने डबी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि मनाशी ठरवलं: ह्या अकरांना हात लावायचा नाही. शनिवारी त्या सिस्टरांच्या हातात पडल्या की संपलं. कुणाला काही कळणार नाही. चार-पाच दिवस अंग जड राहील, पडसं आल्यासारखं होईल, मग जाईल. तिला खरंच एवढंच वाटलं होतं. अकरा जशाच्या तशा राहिल्या तर ती घरातली थोरली. एक जरी कमी भरली तर मरणाऱ्या बाईच्या गोळ्या खाणारी.

मंगळवारी सकाळी जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. मग डोळे गळू लागले. त्याच वेळी नणंद टॅक्सीतून उतरली, जिना चढून आली आणि दारात उभ्या थोरलीचा ओला चेहरा बघून थबकली. दोघी गळ्यात पडल्या. थोरलीचं नाक नणंदेच्या खांद्यावर गळलं. नणंदेचे डोळे कोरडे होते.

बुधवारी पाय तिचे राहिले नाहीत. बसलं की ते आपोआप उडत, पोटरीच्या आत कुणीतरी दोरी ओढून सोडल्यासारखे. पोटात पिळे. दर अर्ध्या तासाने संडास. उकडायचं, स्वेटर काढला की हुडहुडी. बाहेर माणसं बसलेली, आणि मेल्या म्हशीला मणभर दूध या न्यायाने सासूबाईंचे गुण वर्णन होत होते: किती प्रेमळ, किती गोड बोलणं. थोरली कोपऱ्यातल्या खुर्चीत गुडघे दाबून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, हिला आत घेऊन जा, हिला सोसत नाहीये. नणंद उठली, तिला आत नेलं, पांघरूण घातलं आणि दारापाशी उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

ती काय बघत होती, हे थोरलीला कळत होतं. नणंदेला रडू येत नव्हतं. ती सगळ्यांना आईच्या आठवणी सांगे, योग्य जागी थांबे, रुमाल काढे, पण रुमाल कोरडाच परत जाई. आणि ही परक्या घरची, जिला आईने आयुष्यभर टोचून खाल्लं, ती मात्र अशी वाहत होती. बुधवारी संध्याकाळी नणंद पाणी घेऊन आली तेव्हा म्हणालीच, की आई तुझ्याबद्दल फोनवर काय काय बोलायची, सांगितलं तर तुझं रडणं जागच्या जागी थांबेल. थोरली म्हणाली, मला माहीत आहे, ताई. पाणी पोटात राहिलं नाही.

गुरुवारी ती दुकानात गेली. घरात कौतुक सहन होईना. मागच्या खोलीत दिवा लावला, चिमटा घेतला. स्क्रू तीनदा पडला. चौथ्यांदा पडला तो चाकाखालच्या पाण्यात. पाणावलेल्या डोळ्यांना भोकं दोन दिसत होती. तिने एका शाळामास्तराच्या चष्म्याची काच कडेने जास्त घासली. चौकटीत ठेवताच ती सैल पडली. एकोणीस वर्षांत पहिली. मालक आत आले, काच पाहिली, तिचं तोंड पाहिलं आणि रागावण्याऐवजी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, घरी जा, घरातलं माणूस गेलंय. आपल्या आईला आपण एवढं रडलो नाही, असंही म्हणाले. तो हात तिला चपराक बसावी तसा लागला.

घरी आली तेव्हा नणंद बाजारात गेली होती, नवरा पाळीवर. थोरलीने कपाट उघडलं आणि अकरातली एक गोळी तोंडात टाकली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

पाऊण तासात जग जागेवर आलं. पाय शांत, पोट शांत, डोळे कोरडे. तिने पाव आणि दोन अंडी खाल्ली, वाळलेले कपडे काढून घड्या घातल्या, आलेल्या दोन बायकांशी हवापाण्यावर बोलली. नणंद पिशव्या घेऊन आत आली आणि तिच्या कोरड्या, टवटवीत चेहऱ्याकडे बघत म्हणाली, “दुःख ओसरलं वाटतं.”

शुक्रवारी ते दुप्पट होऊन आलं. त्यात भर डबीची. डबीत दहा होत्या, तक्त्यावर अकरा. उद्या सिस्टर. थोरली सासूबाईंच्या रिकाम्या खोलीत गेली, दार लोटलं, कपाटाचं दार उघडून तक्त्यासमोर उभी राहिली. एक गोळी कमी आहे म्हणजे कागदावर एक दिलेली जास्त हवी, एवढं साधं गणित. ‘जास्तीची’मध्ये लिहावं, तर सोमवारच्या ओळीतला तो रकाना तिने आधीच आडवी रेघ मारून बंद केला होता. डोळ्यांतून पाणी, हाताला कंप, पोटात कळ. सोमवारच्या ओळीत बाराच्या शेजारी एक चौकोन रिकामा दिसला. आठ महिने तिने रिकामा चौकोन बघितला की खूण केली होती. तिने खूण केली, खाली नेहमीची सही केली आणि संडासाकडे धावली.

शनिवारी सकाळी सिस्टर आल्या. बाहेर पाच-सहा माणसं होती. त्यांना नमस्कार करून त्या थोरलीबरोबर आतल्या खोलीत गेल्या. ठेंगण्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. गोळ्या तळहातावर ओतून मोजल्या, दहा. तक्ता काढला, बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत आल्या. बोट थांबलं.

“किती वाजता गेल्या म्हणालात?”

“अडीचला.”

“मग चारची गोळी कुणी घेतली?”

थोरलीने तोंड उघडलं ते बोलायला, पण आली जांभई. एक, मग दुसरी, मग तिसरी. ती हाताने तोंड झाकत राहिली. सिस्टरांनी तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. उजेडात बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या. मनगट उलटं करून काटा पाहिला. मागच्या महिन्यांचे तक्ते त्यांच्या बॅगेतच होते. त्यांनी ते बाहेर काढलेसुद्धा नाहीत.

“दिवसाला किती?”

“चार. शेवटी पाच.”

सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर थोरलीला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, कधीपासून. विचारलं, संडास किती वेळा, पाणी पोटात राहतं का. मग सरळ सांगितलं की हे असं एकदम तोडलं तर अंग पिळून काढतं आणि माणूस परत डबीकडे जातं, तुम्ही गेलात तशी. यावर औषध आहे. बारा दिवस, दिवसातून तीनदा, दर तीन दिवसांनी थोडं कमी. पण ते तुमच्या हातात मिळणार नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाने सोमवारी दवाखान्यात यायचं, सही करायची, बाटली स्वतःजवळ ठेवायची आणि मोजून द्यायचं. आणि तक्त्याचं मला डॉक्टरांना सांगावंच लागेल, त्याला इलाज नाही.

थोरलीला विचारायचं होतं ते वेगळंच. विचारलं तिने शेवटी. “माझ्यामुळे त्यांना दुखलं का?”

“मी शनिवारची येते, वहिनी,” सिस्टर म्हणाल्या. “रोज तुम्ही होता.”

दहा गोळ्या घेऊन त्या गेल्या.

नवरा दुपारी पाळीवरून आला. थोरलीने त्याला जिन्याच्या वळणावर गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने भिंतीकडे बघत ऐकून घेतलं. त्याचं पहिलं म्हणणं हे, की हळू बोल. दुसरं, की हे आत्ताच बाहेर काढायची काय गरज आहे; लोक तिच्याबद्दल किती चांगलं बोलतायत, आईच्या माघारी घराची शोभा राहिलीये. बाटलीबिटली त्याला जमणार नव्हती, त्याची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची, तो विसरला तर नसती आफत. मग तो जरा मऊ झाला. त्याने तिच्या दंडावर थोपटलं.

“थोडं सहन कर ना,” तो म्हणाला. “आईने केलंच की.”

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. बावीस वर्षांत तिला या माणसाचा राग येण्याएवढा तो कधी समोर उभाच राहिला नव्हता. आत्ता राहिला होता. तिच्या पोटात कळ आली, ती कठडा धरून वाकली, आणि वरून कुणीतरी म्हणालं, अरे तिला धर, बिचारी अजून सावरली नाहीये.

नणंद आईच्या खोलीत होती. कपाट रिकामं करत होती: एका ढिगात ठेवायचे कपडे, एका ढिगात वाटून टाकायचे. थोरली आत गेली, दाराला कडी लावली आणि खाली फरशीवरच बसली, कारण उभं राहवत नव्हतं. तिने सुरुवात अशी केली, की ताई, मी रडत नाहीये. मग अर्ध्या गोळीपासून चार वाजताच्या चौकोनापर्यंत सगळं सांगितलं. मधे पाय उडत होते, ते हातांनी दाबून धरले.

नणंदेच्या हातात आईचा लोकरी स्वेटर होता. तिने तो घडी न घालता मांडीवर ठेवला.

“म्हणजे या पाच दिवसांत तू एकदाही रडली नाहीस?”

“नाही.”

“आईसाठी नाही?”

“नाही, ताई.”

आणि मग थोरलीला जे दिसेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं ते दिसलं. नणंदेचा चेहरा सुटला. पाच दिवस गच्च बांधून ठेवलेली गाठ सैल व्हावी तसे गाल, ओठ, कपाळ सगळं खाली आलं. तिने स्वेटर तोंडाला लावला आणि ती रडली. आवाज करून, खांदे हलवत, लहान मुलीसारखी. आता तिच्या पुढे कुणी नव्हतं. आईसाठी रडणारी ती एकटीच होती, पहिली होती. थोरली फरशीवर बसून नाक पुसत ते बघत होती. तिला वाटलं, या बाईला मी आज काहीतरी दिलं. आईने दिलं नव्हतं एवढं दिलं.

रडून झाल्यावर नणंदेने चेहरा पुसला, आणि ती पुन्हा विम्याच्या कचेरीतली मोठी बाई झाली. कुणाच्या नुकसानीचा दावा खरा आणि कुणाचा खोटा हे ठरवण्यात तिची उमर गेली होती. तिने एकच विचारलं. आईच्या वाट्याची तू कधी खाल्लीस का? जास्तीच्या नव्हेत. तिच्या.

नाही म्हणता आलं असतं. कागद नाहीच म्हणत होता. पण थोरलीने सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याला लागून सुट्ट्या आल्या, सिस्टर शनिवारऐवजी सोमवारी आल्या. गोळ्या मोजक्या उरल्या. थोरलीने आपल्या कमी केल्या नाहीत, तिला करता आल्या नाहीत. शनिवार आणि रविवार, दोन दुपारी, चारची गोळी तिने सासूबाईंना दिली नाही. खोटंच सांगितलं, की दिली, तुम्ही विसरलात. चौकोनात खूण केली. सासूबाई रात्री आठपर्यंत चादरीची कड दातात धरून पडून राहिल्या. बोलल्या नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यावर बोलून घेतलं, ती त्या दोन दुपारी एक शब्द बोलली नाही, नुसती थोरलीकडे बघत राहिली.

कपाटाचं दार वाऱ्याने हलत होतं. नणंदेने उठून ते लावलं.

“सोमवारी मी येते दवाखान्यात,” ती म्हणाली. “गल्लीत कुणाला कळता कामा नये. तुझ्यासाठी नाही म्हणत मी. मी आठ महिने कुठे होते हे मग लोक विचारतील.”

तिने रजा वाढवली. आईच्या माघारी भावजयीला सांभाळायला थांबली म्हणून आता तिचं नाव निघू लागलं. बेकरीवालीने नवा दाखला दिला, नणंद असावी तर अशी. बाटली नणंदेच्या पर्समध्ये असे आणि पर्स नणंदेच्या खांद्याला. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दहा. ती मापाच्या झाकणात औषध ओतायची, थोरलीच्या हातात द्यायची, प्यायल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. दोघी त्यावर बोलत नसत. औषधाने पाय थांबले, संडासला धावणं आवरलं, तुकड्यातुकड्याने झोप लागू लागली. थोरलीने दुकानात निरोप पाठवला की पुढच्या आठवड्यात येते.

सातव्या दिवशी दुपारी तीनला पाच मिनिटं असताना नणंदेने पर्स खांद्याला लावली आणि ती बाहेर गेली. थोरलीला वाटलं, खाली काहीतरी आणायला गेली. साडेतीन झाले. चार. जांभया सुरू झाल्या. साडेचारला पिळे, पाचला हुडहुडी. मात्रा नुकतीच कमी झाली होती. अंग टपूनच बसलं होतं. थोरलीने फोन हातात घेतला. सिस्टरांचा नंबर होता. एक फोन केला असता तर नणंदेला उत्तर द्यावं लागलं असतं. ती फोन हातात धरून बसून राहिली. नणंद आठ वाजता आली, चपला काढल्या, हात धुतले, औषध मोजलं आणि दिलं. कुठे गेले होते हे सांगितलं नाही. थोरलीनेही विचारलं नाही. तिला पाच वाजताच कळलं होतं.

आठव्या दिवशी नणंद तीनला पाच मिनिटं असताना पुन्हा बाहेर गेली. थोरलीने त्या दिवशी फोन हातात घेतलाच नाही. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि आठ वाजेपर्यंत एक शब्द बोलली नाही. नवरा एकदा दारापर्यंत आला, तिचं कण्हणं ऐकलं आणि हळवेपणाने परत गेला.

नवव्या दिवशी पावणेतीनला थोरली खुर्चीत बसून पर्सकडे बघत होती. नणंद उठली, पर्स उघडली, बाटली काढली. मापाचं झाकण भरलं. ते तिच्यापुढे धरलं, पण सोडलं नाही.

“दोनच होत्या ना?” तिने विचारलं. “की आणखी आहेत?”

औषधाचा कडू वास थोरलीच्या नाकापर्यंत आला आणि तोंडाला पाणी सुटलं. तिने आठ महिने मनात उलटून पाहिले, चौकोन चौकोन. नणंद थांबून राहिली. तिला घाई नव्हती.

“दोनच,” थोरली म्हणाली.

नणंदेने तिच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं, दाव्याच्या कागदाकडे बघावं तसं, आणि झाकण सोडलं.